आंतीबचा तट रोमन नव्हे

मा. संपादक, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचे ‘ला साली येथून दिसणारे आंतीब’ हे दक्षिण फ्रान्समधल्या किनारी शहराचे १८८८ सालचे चित्र पाहून बरे वाटले. परदेशी निसर्गचित्राला मराठी वृत्तपत्रात एवढी जागा क्वचितच मिळते. मात्र चित्राखालची ओळ खटकली. ‘मोनेने जपून ठेवलेली रोमन तटबंदी’ असे तिथे म्हटले आहे. यातले ‘रोमन’ही चूक आणि ‘जपून ठेवलेली’ही.

आंतीब शहर प्राचीन आहे, यात वाद नाही. ग्रीकांनी वसवलेले अँटिपोलिस ते हेच; पुढे ते रोमनांकडे गेले. पण समुद्राकडचा तट आज जसा दिसतो तो मुख्यतः सतराव्या शतकातला, चौदाव्या लुईचा दुर्गरचनाकार वोबाँ याच्या काळातला. वार नदीपलीकडे सव्हॉय घराण्याचा मुलूख होता, म्हणून सरहद्दीजवळच्या या गावाचा एवढा बंदोबस्त. १८६० मध्ये नदीपलीकडचे नीस फ्रान्सला मिळाले, सरहद्द पुढे सरकली आणि तटाला काम उरले नाही. मोने तिथे पोहोचला तेव्हा तट नुसताच उभा होता. पुढे १८९५च्या सुमारास, वाढत्या गावाला अडचण होते म्हणून जमिनीकडची तटबंदी पाडली गेली.

आता ‘जपून ठेवण्या’विषयी. मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना टोलेडोच्या संग्रहालयात हे चित्र मला निवांत पाहता आले. तटाच्या वाट्याला पाण्यापलीकडची एक अरुंद पट्टी आली आहे. त्यात दगडाचा सांधा नाही, जंग्या नाहीत. आहेत ते गुलाबी, पिवळसर रंगाचे आखूड फटकारे. यावरून बुरूज मोजायला बसलात तर हाती काही लागायचे नाही. मोनेला तट नकोच होता, त्याच्यावर पडलेले ऊन हवे होते. म्हणून तर तो एकाच वेळी अनेक कॅनव्हास हाताशी ठेवी आणि प्रकाश बदलला की दुसरा घेई. त्याच मुक्कामातून शिल्पकार रोदँला लिहिलेल्या पत्रात आपण सूर्याशी झुंजतो आहोत, इथे रंगवायला सोने आणि रत्नेच हवीत, अशा अर्थाचे तो लिहितो. तटाच्या वयाबद्दल त्याला कितपत कुतूहल होते कोण जाणे! दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्राला इतिहासाचा पुरावा मानले की अशी गफलत व्हायचीच.

राहिली छपाई. माझ्या अंकात ती गुलाबी पट्टी चक्क चॉकलेटी उतरली आहे. एरवी चालले असते, पण या चित्रात रंग गेला तर बघायचे काय? जमल्यास ते चांगल्या कागदावरच्या दिवाळी अंकात पुन्हा छापावे आणि खाली साल व संग्रहालयाचे नाव द्यावे. रविवारी दोन्ही राहून गेले होते.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे