डॅशबोर्डसोबत त्याची क्वेरीही दप्तरी असावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील पतसंस्था, जिनिंग, डाळ मिल आणि केळीचे व्यापारी यांच्या कार्यालयांत आता पॉवर बीआय, मेटाबेस यांसारख्या साधनांवर तयार केलेले रंगीत अहवाल, म्हणजेच डॅशबोर्ड, चांगलेच रुळले आहेत. संचालकांच्या बैठकीत वह्यांचे गठ्ठे उलगडण्याऐवजी भिंतीवरच्या पडद्यावर शाखानिहाय ठेवी आणि थकबाकी दिसते, ही सोय मोठीच आहे. मात्र पडद्यावरचा आकडा ज्या एसक्यूएल क्वेरीतून, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्यासाठी एसक्यूएल या भाषेत लिहिलेल्या आज्ञेतून येतो, ती क्वेरी बहुतेक ठिकाणी अहवाल तयार करणाऱ्या एका माणसाखेरीज कोणी पाहिलेली नसते. सभासदांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी तरी प्रत्येक अहवालासोबत त्याची क्वेरी लेखी स्वरूपात दप्तरी ठेवावी, यासाठी हा पत्रप्रपंच.

एका पतसंस्थेत पाहिलेला प्रकार सांगतो. वार्षिक वसुलीच्या अहवालासाठी क्वेरीत '१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ दरम्यान' अशी अट 'बिटवीन' वापरून घातली होती. वाचायला ती निर्दोष वाटते. परंतु व्यवहाराच्या रकान्यात तारखेबरोबर वेळही साठवलेली असेल, तर नुसत्या '३१ मार्च' या तारखेचा अर्थ संगणक त्या दिवसाची मध्यरात्रीची सुरुवात असा घेतो आणि सकाळी काउंटर उघडल्यापासून जमा झालेली सगळी रक्कम हिशेबाबाहेर राहते. मार्चअखेरची वसुली म्हणजे काय, हे पतसंस्थेत काम केलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. वर्षातला सर्वांत गर्दीचा दिवसच अहवालातून गळतो आणि पडद्यावर कोणतीही चूक दाखवली जात नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने क्वेरी बरोबरच चाललेली असते. यावर उपाय एका ओळीचा आहे : '१ एप्रिल २०२४ किंवा त्यानंतर आणि १ एप्रिल २०२५ च्या आधी' अशी अट लिहावी. पण ही ओळ सुचण्यासाठी आधी कोणीतरी मूळ क्वेरी वाचलेली असावी लागते.

कापूस खरेदीत याच्या उलट होते, म्हणजे आकडा फुगतो. शेतकऱ्याच्या २० क्विंटलच्या एका काटापावतीचे पैसे तीन हप्त्यांत दिले असतील आणि खरेदीचा तक्ता चुकाऱ्याच्या तक्त्याशी सरळ जोडला असेल, तर तीच पावती तीनदा उमटते आणि बेरीज ६० क्विंटल येते. काही जण त्यावर सारखे आकडे एकदाच मोजणाऱ्या 'डिस्टिंक्ट'चा उतारा लावतात, पण तो आजारापेक्षा वाईट आहे, कारण मग दोन शेतकऱ्यांच्या मालाचे वजन योगायोगाने सारखे भरले की त्यातले एक बेरजेतून नाहीसे होते. चुकाऱ्याची पावतीनिहाय बेरीज आधी करून मगच ती खरेदीला जोडणे, हाच सरळ मार्ग आहे. रावेर, यावलच्या केळीच्या सरासरी भावाबाबतही हीच दक्षता हवी. रोजच्या भावांची नुसती सरासरी काढली, तर तुरळक आवकेचा दिवस आणि भरघोस आवकेचा दिवस एकाच मापाने मोजले जातात.

प्रत्येक अहवालात स्वतंत्र क्वेरी चिकटवण्याची सवयही सोडायला हवी. थकबाकीची व्याख्या डेटाबेसमध्येच एका 'व्ह्यू'त, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या क्वेरीत, एकदा पक्की केली आणि सर्व अहवालांनी तिथूनच माहिती घेतली, तर व्यवस्थापकाची थकबाकी एक आणि वसुली अधिकाऱ्याची दुसरी, हा बैठकीतला नेहमीचा वाद उरणार नाही. अहवालाच्या साधनाला फक्त वाचनाचीच परवानगी असलेले खाते द्यावे, आणि जड क्वेरी काउंटर चालू असताना मूळ सर्व्हरवर न चालवता रात्री घेतलेल्या प्रतीवर चालवाव्यात. अन्यथा आलेख उघडतो संचालकांच्या दालनात आणि रांग वाढते खिडकीसमोर.

शिक्षणाबद्दलही थोडे लिहायला हवे. खाजगी क्लासमधून आलेले अनेक तरुण पडद्यावर रकाने ओढून आलेख सुबक मांडतात, पण दोन तक्ते जोडल्यावर ओळी का वाढल्या, हे त्यांना सांगता येत नाही. पॉवर बीआय सर्वांसाठी खुले झाले २०१५ साली. एसक्यूएलचा उगम १९७४ चा आणि अमेरिकेतील पहिले प्रमाणीकरण १९८६ चे. साधने आणखी बदलतील, तेव्हा मुलांनी आपला वेळ कशावर अधिक घालवावा, हे या सालांवरून कळण्यासारखे आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी वाणिज्य आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांना तयार डॅशबोर्ड हाती देऊन त्यातील एक आकडा मूळ खतावणीशी जुळवून दाखवण्याचे प्रात्यक्षिक द्यावे, अशी सूचना करावीशी वाटते.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायच्या असतात. त्यापूर्वी संस्थांनी निदान ठेवी, वसुली आणि थकबाकी या तीन अहवालांच्या क्वेरी छापून, त्यावर तयार करणाऱ्याची सही घेऊन, लेखापरीक्षकांकडे द्याव्यात. यासाठी नवा खर्च काहीच नाही.

आपला,
एक वाचक, जळगाव