जिन्यावर झाडूच्या दांड्याने टकटक करणाऱ्या ताईंना

ताई,

नमस्कार. मी नाव विचारलं तेव्हा "नावाला काय करायचंय" म्हणालात, म्हणून हे पत्र नुसतं ताईंनाच लिहितेय. 18 जानेवारी 2025, शनिवारची रात्र. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम संपला होता. वरच्या लेव्हलच्या जिन्यात कठड्याला घट्ट धरून निळ्या कुर्त्यातली एक बाई उभी होती, ती मी.

तुम्ही विचारलंत, "दिसत नाही का नीट?" तेव्हा मी फक्त मान हलवली. आज पूर्ण उत्तर देते. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा नावाचा डोळ्यांचा आजार आहे. त्यात आधी अंधारातलं दिसणं जातं आणि मग कडेकडेचं. राहतं ते नळीतून पाहिल्यासारखं, मधलं तेवढं. चष्म्याने सुधारत नाही. दिवसा मला पाहून कुणाला शंकाही येत नाही, म्हणून रात्री मी अडखळले की लोकांना नाटक वाटतं. त्यात झगझगीत दिव्यांखालून एकदम अंधुक जागेत आलं की माझे डोळे कितीतरी वेळ सावरतच नाहीत. मैदानात सगळे दिवे लागले होते आणि तिथून मी थेट त्या जिन्यात आले. पुढची पायरी कुठे संपते तेच कळेना.

मागून गर्दीचा लोंढा. सगळ्यांना लोकल गाठायची होती, ते मी समजू शकते. एकाने "बाजूला व्हा ना काकू" म्हणत ढकललं. एका मुलीने मदत म्हणून दंड धरून खाली ओढलं. तिचा हेतू चांगलाच होता, पण ज्याला दिसत नाही त्याला ओढलं की पायाखालची जमीनच जाते हो. मी तिचा हात सोडवला आणि भिंतीला चिकटून राहिले.

तुम्ही हात धरला नाहीत. आधी विचारलंत. मग माझ्या एक पायरी खाली उभ्या राहिलात, झाडूने पाण्याच्या बाटल्या बाजूला सारल्यात आणि झाडूचा लांब दांडा पायरीच्या कडेवर आपटलात. टक. "हितं कड हाय." मी पाऊल टाकलं. पुन्हा टक. जिना वळला तिथे दांडा दोनदा वाजवलात, "आता सपाट हाय, मग परत पायऱ्या." हे तुम्हाला कुणी शिकवलं? डोळ्यांच्या दवाखान्यांत मी कित्येक वर्षं जातेय, तिथेही कुणाला हे सुचलं नव्हतं. पायरी दिसत नाही तर ती ऐकू येऊ दे, एवढी साधी गोष्ट.

मी सारखी सॉरी सॉरी म्हणत होते. त्यावर तुम्ही म्हणालात, "घाई करू नका. मला बी रातभर हितंच राहायचंय." ताई, पन्नास हजारांच्या आसपास माणसं खुर्च्यांखाली टाकून गेलेलं सगळं तुम्हाला सकाळपर्यंत उचलायचं होतं, आणि तरी तुमच्याकडे माझ्यासाठी वेळ होता.

पूर्वी एका नाट्यगृहात मी दोन पायऱ्या चुकून पडले होते. तिथला बॅटरीवाला मला म्हणाला, "दिसत नाही तर यायचं कशाला?" बरीच वर्षं झाली असतील. त्यानंतर मी रात्रीचे कार्यक्रम सोडलेच. 2016 मध्ये हेच कोल्डप्ले मुंबईत बीकेसीला आले होते. डोंबिवलीहून जाणं काही अशक्य नव्हतं, पण तेव्हा नुकताच आजार कळून चुकला होता आणि अंधारातल्या मैदानाच्या भीतीने गेले नाही. या वेळीही घरचे म्हणाले, "एवढ्या लांब जाऊन तुला काय दिसणार?" सोबत येणारी मैत्रीण दुपारी तीन वाजता "जमत नाही गं" म्हणाली. मी एकटी निघाले, ठाण्याला गाडी बदलून नेरूळला उतरले, उजेड असेपर्यंत आत जाऊन बसले.

आणि मला दिसलं, ताई. 'यलो' हे गाणं 2000 सालचं, कॉलेजात असताना मैत्रिणीच्या टेपरेकॉर्डरवर ऐकून ऐकून कॅसेट झिजवलेली. ते सुरू झालं आणि कार्यक्रमात सगळ्यांना दिलेले मनगटावरचे दिव्यांचे पट्टे एकदम पिवळे पेटले. मला एका वेळी सगळं मैदान दिसत नाही. म्हणून मी मान डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवत ते पिवळं तुकड्यातुकड्याने गोळा केलं. रंग मला अजून नीट दिसतात. किती वर्षं दिसतील ते डॉक्टरही सांगत नाहीत.

खाली पोचल्यावर तुम्ही म्हणालात, "ते पिवळं पिवळं झालं होतं ना, ते लई भारी होतं. मी बाथरूमच्या पॅसेजमधून बघितलं." तिकिटासाठी लोकांनी काय काय नाही केलं. आणि तुम्ही ते हातात झाडू धरून, जाता जाता बघितलंत. तुमच्याशी त्या गाण्याबद्दल अजून बोलायला हवं होतं. माझ्या मनगटावरचा पट्टा तुम्हाला द्यावासा वाटला होता, पण तो परत करायचा होता म्हणून डब्यात टाकला. त्याची रुखरुख अजून आहे.

मनाने सरळ असणं म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला आता तो दांडा आठवतो. दया नाही, "बिच्चारी" नाही, उपकार केल्याचा चेहरा नाही. समोरच्याला काय हवंय ते बघायचं आणि तेवढंच द्यायचं. शिकलेल्या, ओळखीच्या, रक्ताच्या माणसांकडून मला हे फार कमी वेळा मिळालंय.

एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे. माझ्या पिशवीत त्या रात्रीही घडीची पांढरी काठी होती. दोन वर्षं ती तशीच पडून होती, लोक बघतील म्हणून मी ती उघडतच नव्हते. तुमच्याकडून निघाले, नेरूळच्या प्लॅटफॉर्मवर आले आणि काठी उघडली. टोक फरशीवर टेकवलं. आवाज तुमच्या दांड्यासारखाच आला. आता ऑफिसलाही तीच घेऊन जाते.

पुन्हा कुठे भेट झाली तर मी तुम्हाला चेहऱ्यावरून ओळखणार नाही. त्या जिन्यात मला तुमचा चेहरा दिसलाच नव्हता. आवाज मात्र ओळखेन. तेवढी हाक मारा.

तुमची,
डोंबिवलीची निळ्या कुर्त्यातली