सूचना : गणेशोत्सवातला आवाज आणि रविवारची सभा

सर्व सभासदांस नमस्कार.

उत्सवाच्या तयारीची सभा येत्या रविवारी सकाळी १०.३० वाजता गच्चीवर आहे. प्रत्येक घरातून एकाने तरी यावे. भाडेकरूंनीही यावे, वर्गणी तेही देतात.

मुख्य विषय स्पीकरचा. गेल्या वर्षी त्यावरून जिन्यात जी भाषा झाली, ती दोन्ही बाजूंना शोभणारी नव्हती. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. भाषणस्वातंत्र्यात ध्वनिवर्धक लावून इतरांना जबरदस्तीने ऐकवण्याचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितले आहे. काही दिवस रात्री १२ पर्यंत सरकारी सवलत मिळते, पण ती घेतलीच पाहिजे असे नाही. आपण घेऊ नये, असे समितीचे मत आहे. निर्णय सभेत होईल.

तोवर एवढे पाळावे :

• स्पीकरचे तोंड मंडपाच्या आत. आरतीला टाळ-झांजा हव्या तितक्या वाजवा.
• रात्री १० ला स्पीकर बंद, आरती अर्ध्यावर असली तरी.
• तक्रार समितीकडे करावी. मंडपात येऊन वायर उपटू नये (हे घडलेले आहे).
• वर्गणी ऐच्छिक आहे. न देणाऱ्यांची नावे फलकावर लागणार नाहीत.
• दुपारी २ ते ४ ड्रिल मशीन बंद, हे वर्षभर. उत्सवाच्या आवाजाची तक्रार करणाऱ्यांनाही हे लागू आहे.

सभेला येता येत नसेल त्यांनी आपले म्हणणे लिहून शनिवारपर्यंत वॉचमनकडे द्यावे.

– सचिव