‘मलेशियन साल’ म्हणजे नेमके कोणते झाड?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात सागाचा भाव ज्यांना परवडत नाही, असे अनेकजण दाराच्या चौकटीसाठी ‘मलेशियन साल’ घेतात. तीन वर्षांपूर्वी मीही घेतले. वखारीत ‘हा सालच आहे, शंभर वर्षे हलणार नाही’ असे सांगण्यात आले, पावतीवरही तेवढेच नाव लिहिले गेले आणि दुसऱ्याच पावसाळ्यानंतर मोरीच्या दाराची चौकट खालून वाळवीने पोखरलेली निघाली. सुताराने कुजका भाग कापून काढला तेव्हा मी तो हातात घेऊन पाहिला. लाकूड गुलाबीसर तांबूस आणि अपेक्षेपेक्षा बरेच हलके होते. आडव्या कापावर सागासारखी वर्षावलये नव्हती, मात्र खडूने ओढाव्यात तशा बारीक पांढऱ्या रेषा दिसत होत्या.

त्या रेषा म्हणजे राळेच्या नलिका. आपला साल, म्हणजे छत्तीसगड, झारखंड, ओडिशातील ‘शोरिया रोबस्टा’, ज्याची राळ आपण धुपात वापरतो, तो आणि मलेशिया-इंडोनेशियाच्या वर्षावनांतील मेरांटी, बालाऊ हे वृक्ष एकाच डिप्टेरोकार्पेसी कुळातील आहेत. म्हणून रेषा पाहून कूळ ओळखता येते, जात नव्हे. आणि जातीजातींत फार अंतर आहे. बालाऊचे वाळलेले लाकूड घनमीटरला साडेआठशे किलोंहून अधिक भरते व उघड्यावरही टिकते, तर फिकट तांबड्या मेरांटीचे पाचशे किलोंच्या आसपास भरते आणि ओलीत, वाळवीत तग धरत नाही. बाजारात मात्र ‘मलेशियन साल’ या एका नावाखाली एकाहून अधिक जाती खपतात.

हे वृक्ष मुळात किती विलक्षण आहेत, हे चौकट पाहून ध्यानात येत नाही. बोर्निओ बेटावरील सबाह राज्याच्या डानम खोऱ्यात पिवळ्या मेरांटीचा एक वृक्ष आहे. 2019 च्या जानेवारीत त्यावर चढून फीत सोडून मोजले, तेव्हा उंची 100.8 मीटर भरली. आपल्या शेजारच्या विजापूरचा गोलघुमट सुमारे 51 मीटर उंच आहे, म्हणजे हे झाड जवळजवळ दोन गोलघुमट एकावर एक ठेवल्याएवढे. बुंध्याशी फळ्यांसारखी रुंद, आधार देणारी मुळे पसरलेली, खोड सरळ, गोल आणि बरेच उंच जाईपर्यंत एकही फांदी नसलेले. इमारती लाकूड म्हणून त्याला मागणी आहे ती याच गुणामुळे. फुलाची पाच निदले (कळीला झाकणारी हिरवी पाने) फळाबरोबर वाढून त्यांचे पंख होतात, बहुतेक जातींत तीन लांब व दोन आखूड, आणि फळ भिंगरीसारखे गरगरत खाली येते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती या वनांची फुलण्याची रीत. तेथील अनेक जाती दरवर्षी फुलत नाहीत. काही वर्षांच्या अनियमित खंडानंतर एकाच हंगामात मिळून बहरतात. बियांना सुप्तावस्था नाही, त्या पडल्यावर थोड्याच दिवसांत रुजतात, वाळवून साठवता येत नाहीत. ज्वारीचे बियाणे पुढच्या पेरणीसाठी जपून ठेवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला याचा अर्थ लगेच उमगेल: बहर येण्याआधीच मोठी झाडे तोडली, तर त्या जागी पेरायला बी उरत नाही.

म्हणून आपल्या पत्राद्वारे शहरातील लाकूड व्यापाऱ्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी पावतीवर नुसते ‘मलेशियन साल’ न लिहिता मेरांटी की बालाऊ, हे स्पष्ट लिहावे आणि माल कोणत्या देशातून आला, तेही नोंदवावे. ग्राहकांनीही सौदा ठरवण्यापूर्वी वाळलेल्या लाकडाचा एक तुकडा कापून मागावा आणि त्याची लांबी, रुंदी, जाडी मोजून वखारीतल्याच काट्यावर वजन करून पाहावे, म्हणजे घनमीटरमागे वजन किती, त्यावरून लाकूड बालाऊसारखे जड आहे की फिकट मेरांटीसारखे हलके, याचा अंदाज येईल.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर