‘कुणाला सांगू नका’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात खडेबाजारात एका मुलाला फिट आली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा आणायला धावलं, एकानं मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. मी त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पिशवी सरकवली आणि घड्याळ बघत बसले. दोन मिनिटांत झटके थांबले. हळूहळू भान आल्यावर तो पुटपुटला, “कुणाला सांगू नका.”

हे वाक्य मी पंधरा वर्षं म्हटलंय. सातवीपासून मला अपस्मार आहे. वर्गात फिट आली आणि दुसऱ्या दिवसापासून मला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. घरच्यांनी जीव लावला, पण विहीर नको, सहल नको, लग्नकार्यात पुढं येणं नको. विहिरीचं पटतं. बाकीचं जपणं माझ्यासाठी नव्हतं, लोकांसाठी होतं. गोळ्यांनी फिट आटोक्यात आल्या, धास्ती नाही गेली. अपस्मारासोबत उदासीही येते आणि तीसुद्धा डॉक्टरांना सांगायची असते, हे मला फार उशिरा कळलं. आता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा फुकट नंबर तरी आहे.

योग्य औषधांनी सुमारे 70 टक्के रुग्ण फिटविना जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची आडकाठी 1999 मध्येच निघाली. तरी स्थळ आलं की गोळ्या तांदळाच्या डब्यात जातात. मग लपवालपवीत गोळी चुकते आणि फिट नेमकी मांडवात येते!

मला उभं केलं ते शिवणाच्या दुकानानं. पहिल्याच दिवशी धीर करून सांगितलं, “मला फिट येते. आली तर तोंडात काही घालू नका, पाणी पाजू नका, दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा.” मालकीणबाई म्हणाल्या, “बरं. तोवर ही काजं करून टाक.” इतकं साधं उत्तर मला तोवर कुणी दिलं नव्हतं.

आपल्या बेळगावचं विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. जागरणानं फिट येऊ शकते, म्हणून मी दहाला घरी जाऊन झोपते आणि विचारणाऱ्याला कारणही सांगते. मंडळांनी यंदा मांडवात मराठी आणि कन्नडमध्ये एक फलक लावावा: फिट आली तर काय करायचं, काय नाही. मजकूर डॉक्टरांकडून तपासून घ्यावा. आपणही तो 17 नोव्हेंबरला, राष्ट्रीय अपस्मार दिनी, पहिल्या पानावर छापावा.

आपली,
एक वाचक, वडगाव, बेळगाव