घे, पण लाकडी मुठीचा

अनगोळ, बेळगाव
मृग नक्षत्र

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

यातला कुठला घेऊ म्हणून तू पाठवलेले दोन्ही चाकूंचे फोटो बघितले, एक काळा आणि एक लाकडी मुठीचा. "घे" किंवा "नको" एवढंच फोनवर सांगता आलं असतं, पण मग तू "का?" विचारणार, आणि मी सांगायला लागलो की आई फोन काढून घेणार. म्हणून लिहितो. पत्र पोचेपर्यंत ऑनलाइनची ती सवलत संपेल याची काळजी करू नकोस. तसल्या सवलती दर आठवड्याला संपतात.

चाकू तुला लागणारच आहे. बागायतीचं शिक्षण घेणाऱ्या पोरीने सुतळी, पॉलिथिनच्या पिशव्या, ठिबकची नळी, रस तपासायचं फळ, सगळ्यासाठी दुसऱ्याकडे पातं मागत फिरायचं हे काही खरं नाही. "पोरीच्या जातीला चाकू कशाला गं?" असं आई म्हणाली. विळीवर बसून अख्खा फणस फोडणाऱ्या बाईने हे म्हणावं! मी तसं म्हणालो, ती हसली, विषय संपला. म्हणजे घरची परवानगी आहे असं धर.

एक मात्र आधीच सांगतो. या चाकूने कलमं बांधायची नाहीत. कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने काढलेली असते, दुसरी बाजू सपाट. म्हणून काडीला दिलेला काप सपाट येतो आणि खुंटाच्या चिरेत पाचर नीट बसते, मध्ये फट राहत नाही. खिशातल्या चाकूला दोन्ही बाजूंनी धार असते, त्याने काप किंचित गोलावतो. सरावलेला माळी त्यानेही कलम जगवतो, पण तू अजून शिकते आहेस. शिवाय ज्या पात्याने सकाळी सडकी फांदी छाटली तेच दुपारी कोयीच्या कोवळ्या रोपाला लावलं तर रोग तूच पसरवशील. कलमाचा चाकू वेगळा ठेव आणि स्पिरिटने पुसत जा. आणि तू डावखुरी, हे तिथल्या सरांना सांग. उजव्या हातासाठी धार काढलेला कलमाचा चाकू तुझ्या हातात उलटा चालेल. डावखुऱ्यांसाठी दुसऱ्या बाजूने धार काढलेले मिळतात.

आता तुझा तो काळा चाकू. दिसतो झोकात, त्यात वाद नाही. पात्याला भोकं, मुठीच्या टोकाला काच फोडायचा दांडा, सीटबेल्ट कापायची खाच. अरभावीला कॉलेजच्या शेतात तू कुणाचा सीटबेल्ट कापणार आहेस? चिनी आहे म्हणून मी नाक मुरडत नाही हं. ग्वांगदोंग प्रांतातलं यांगजियांग शहर चाकू-सुऱ्यांच्या धंद्यावरच मोठं झालेलं आहे, आणि मोठमोठ्या अमेरिकी नावांचे स्वस्त चाकूही चीनमध्येच बनतात. तिथले चांगले कारखाने पोलादाचा दर्जा पात्यावरच छापतात. ८सीआर१३एमओव्ही असं लिहिलेलं असलं तर समजायचं की कार्बन सुमारे ०.८ टक्के आणि क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास. चाकूला हे पुरेसं आहे. ३सीआर१३ असेल तर कार्बन ०.३ टक्क्यांच्या घरात, म्हणजे गंज चढायचा नाही, पण धारही टिकायची नाही.

तुझ्या फोटोत काय लिहिलंय? "४४० सर्जिकल स्टील." त्यातलं सर्जिकल हे फक्त गिऱ्हाइकासाठी. आणि ४४० मध्ये ए, बी, सी असे तीन प्रकार येतात. ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, सी मध्ये ०.९५ ते १.२०. ज्याने सी वापरलंय तो ते अक्षर गाळेल का?

आणि एवढं करून पोलाद चांगलं निघालं तरी अर्धंच काम झालं. उद्यमबागेतल्या कारखान्यात माझं सगळं आयुष्य भट्टीसमोर गेलं, त्यामुळे हे जरा लांबेल, वाच. साधं कार्बनचं पोलाद ८०० अंशांच्या आसपास तापवून विझवलं, म्हणजे झटकन थंड केलं, की कडक होतं. १३ टक्के क्रोमियमवाल्याला १००० च्या वर न्यावं लागतं, आणि आतला कार्बन नीट विरघळेपर्यंत तिथे धरून ठेवावं लागतं. आम्ही त्याला सोकिंग म्हणतो. मग विझवायचं, मग टेंपरिंगला परत गरम करायचं, नाहीतर पातं काचेगत तुटेल. यातला प्रत्येक टप्पा म्हणजे वेळ आणि वीज. ज्याला पाचशे रुपयांत चाकू विकून वर नफा काढायचाय, तो पोलादात वाचवत नाही एवढा इथे वाचवतो, कारण इथली चोरी फोटोत दिसत नाही. आमच्या खात्यातल्या एकाने असलाच काळा चाकू मागवला होता. कुठल्या नावाचा ते राहू दे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्याचं पातं कडकपणा मोजायच्या रॉकवेल मशीनवर धरलं. चाकूला ५६-५८ एचआरसी तरी पाहिजे. काटा पन्नासच्या खालीच राहिला. दुसरीकडे धरलं, तरी तेच. त्याने मशीनलाच नावं ठेवली, मग आम्ही तपासणीचा प्रमाण ठोकळा लावून दाखवला. मशीन बरोबर होतं. पुढे त्याच चाकूचं लॉक पेरूच्या फांदीवर जोर देताना सुटलं आणि त्याच्या तर्जनीला टाके पडले.

त्या लॉकचंच सांगतो. काळ्या चाकूत मुठीच्या आत एक पत्र्याची पट्टी असते, पातं उघडलं की ती आडवी येऊन पात्याच्या बुडाला टेकते. लायनर लॉक. पट्टी जाड असेल आणि पुरेशी आत सरकत असेल तर उत्तम चीज आहे. पातळ असली, नुसती कडेवर टेकली, तर दाब आला की घसरते आणि पातं बोटांवर मिटतं. आणि हे लॉक उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी केलेलं. तुला डाव्या हाताने ते सोडताना बोट नेमकं पात्याच्या वाटेत येईल. माझ्यापुरता काळा चाकू इथेच बाद.

राहिला लाकडी मुठीचा. फ्रान्सच्या आल्प्समध्ये साव्वा म्हणून मुलूख आहे, तिथल्या अवजारं घडवणाऱ्या लोहाराच्या पोराने, जोझेफ ओपिनेलने, १८९० मध्ये हा पहिल्यांदा केला. गावच्या शेतकऱ्यांसाठी, खिशात घालायला. अजून तसाच आहे. पातं, मूठ, खिळा, एक घट्ट कडं आणि त्यावर फिरणारं दुसरं कडं, एवढ्या पाचच वस्तू. ते फिरणारं कडं १९५५ मध्ये आलं. पातं उघडून कडं फिरवलं की ते मिटूच शकत नाही. पट्टी नाही, स्प्रिंग नाही, घसरायला काही ठेवलेलंच नाही. डावा-उजवा हात हा प्रश्नही जवळजवळ येत नाही. नखाची खाच तेवढी उजव्यांच्या सोयीने आहे, पण तू पातं चिमटीत धरून उघडशील.

पण मला सगळ्यात आवडतं ते त्याचं पातळ पातं. पाठीला दोन मिलिमीटरही भरत नाही आणि धारेपर्यंत निमुळतं होत जातं. काळ्याचं पातं पाठीला तीन-साडेतीन मिलिमीटर आणि धारेच्या जरा वरपर्यंत तेवढंच जाड दिसतंय. ते आंबा कापत नाही, फाडतं. लोक पोलादाच्या नावावर भांडतात, पण कापण्याचं निम्मं काम पात्याच्या जाडीवर ठरतं.

दोष आहेत. दोन हात लागतात उघडायला. एका हातात फांदी असेल तर दातांनी उघडू नकोस म्हणजे झालं. टोक नाजूक आहे, डबे उचकटायला आणि स्क्रू फिरवायला वापरलंस तर मोडेल. मूठ बीच लाकडाची, पावसात फुगते आणि पातं आत अडकून बसतं. तुमच्याकडे अरभावीला पाऊस तो किती, पण सुट्टीत मामाकडे कणकुंबीला गेलीस की चार महिने सगळंच ओलं, तिथे नक्की अडकणार. तेव्हा नखं मोडत बसू नकोस. मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकं ठोक, पातं थोडं वर येतं, मग चिमटीने ओढ. नवीन आला की मुठीला जवसाचं तेल लाव. पातळ हात द्यायचा, पुसायचा, वाळू द्यायचा, असं दोन-तीनदा. आईच्या चटणीचे जवस पाट्यावर वाटून नव्हे गं, रंगाच्या दुकानातलं बाटलीतलं तेल. शेंगतेल लावू नकोस, चिकट होऊन माती धरतं. खिळ्यापाशी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पुरे.

पात्यावर दोनपैकी एक शब्द कोरलेला असतो, कार्बोन म्हणजे साधं कार्बनचं पोलाद, किंवा इनॉक्स म्हणजे स्टेनलेस. कार्बोनला धार झटकन लागते, मला स्वतःला तोच आवडतो. पण कैरीच्या चिकाने, लिंबाने, चिंचेने तो तासाभरात निळा-काळा पडतो, कापलेल्या फोडीलाही डाग आणि लोखंडाची चव लागते. तुझं तर कामच फळांचं. इनॉक्स घे. नंबर म्हणजे आकार. ७ नंबरचं पातं ८ सेंटिमीटर, ८ नंबरचं साडेआठ. तुझ्या हाताला ७ पुरेल. ८ चा मिळत असेल आणि ७ चा नसेल तर हटून बसू नकोस. पात्यावर मुकुट घातलेल्या हाताची खूण असते, १९०९ पासूनची. ती खूण, नाव आणि कोरलेली अक्षरं स्वच्छ नसतील तर परत कर. किंमत काळ्याच्या दुप्पट-तिप्पट आहे, हे मला दिसलंय.

पार्सल आल्यावर उघडतानाचा व्हिडिओ काढ. मग पातं उघडून कडं फिरव आणि डावीकडे-उजवीकडे हलवून बघ, खडखडायला नको. धार दिव्याखाली समोरून बघ: जिथे चमकतेय तिथे बोथट आहे, चांगली धार दिसतच नाही. मग तरुण भारतचं एक पान हवेत धरून काप. सरसर गेलं पाहिजे. अडकत असेल तरी परत पाठवायची घाई नको, कारखान्याची धार पुष्कळदा निगुतीने लावावी लागते.

ती लावायला दोन बाजूंचा दगड मी देतो, आपल्या घरात पडून आहे. पातं दगडावर आडवं ठेवून पाठ थोडीशीच उचल, पंधरा-वीस अंश, आणि जोर न देता दोन्ही बाजू सारख्याच वेळा फिरव. शेवटी चामड्यावर उलट्या दिशेने ओढ, म्हणजे धार पुढे नाही, पाठ पुढे. चामडं विकत घ्यायचं नाही. तुझ्या आजोबांच्या अथणीच्या चपलेचा एक तळवा मी कापून ठेवलाय. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं आहे, असला पट्टा बाजारात शोधून मिळणार नाही.

कायद्याचं विचारलं होतंस. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा विषय येतो, तोही घरकामाची आणि शेतीची हत्यारं सोडून. तुझं पातं सव्वातीन इंचही नाही. बटण दाबल्यावर फटकन उघडणारा मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नकोस. आणि बेळगावात आलीस की गर्दीच्या दिवशी चाकू घरात ठेवायचा: १ नोव्हेंबरचा काळा दिन, शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र, विसर्जन, निवडणूक लागली असेल तेव्हा. झडती घेणाऱ्या पोलिसासमोर तू नियमाचं पान वाचून दाखवणार आणि तो ऐकून घेणार, असं आपल्या गावात होत नाही. कुणी बागायती शिकणाऱ्या पोरीला अडकवेल असं नाही, पण संध्याकाळ ठाण्यात जाईल. सांबऱ्याहून विमानाने कुठे गेलीस तर सामानात टाकायचा, हातातल्या पिशवीत नाही.

पैसे उद्या टाकतो. दगड आणि चामडं रविवारी गोकाकच्या बाजूला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवेन, सोबत आईची कारळाची चटणी आहे. हॉस्टेलवर वाटून संपवू नकोस असं तिने लिहायला सांगितलंय.

तुझा,
अप्पा

ता. क. तुझ्या मैत्रिणीला काळाच हवा असेल तर तिला निदान पोलादाचा पूर्ण नंबर छापलेला बघायला सांग, आणि पट्टी पात्याच्या बुडाखाली किती आत जाते ते. ती उजव्या हाताची आहे का?