उंट परत आला

गिरगाव, मुंबई
ता. १२ जुलै १९४२

प्रिय दत्तू यास,
स. न. वि. वि.

उंट आला होता. हो, आपण उंट म्हणायचो तोच माणूस. धोतर आता परीटघडीचं झालंय आणि मोटारीतून उतरतो. पेट्रोल रेशनवर असताना याला कुठून मिळतं ते विचारू नकोस. आल्याआल्या भिंतीतल्या कपाटाकडे बोट केलं. "ग्रामोफोनच्या सुयांच्या सगळ्या डब्या, रेडिओचे व्हॉल्व्ह, जे काय असेल ते. रोख. भाव तुम्ही बोला." मी भाव बोललो नाही. चहा पाजला आणि "भागीदाराला विचारतो" म्हणून वाटेला लावला. कागदावर तू अजून भागीदार आहेस. मास्तरकी लागली म्हणून कागद फाटत नाही.

प्रकृती सगळ्यांची ठीक. आईचे गुडघे, माझं पित्त, जैसे थे. पत्र बापूच्या हाती देतोय, नाहीतर तुझ्याआधी सेन्सॉरसाहेबांनी वाचलं असतं.

लढाई लागली त्या सप्टेंबरातलं दुकान आठव. पोस्टात रेडिओच्या लायसन्सचे वर्षाचे दहा रुपये भरताना ज्यांच्या पोटात गोळा यायचा, तेच लोक "यावर बर्लिन लागतं का?" विचारत सेट उचलून न्यायचे. तू म्हणायचास, रेडिओ हे चार दिवसांचं वेड, खरा धंदा तबकडीचा. मी म्हणायचो, तीन मिनिटं गाणं, मग उठा, पालथी घाला, सुई बदला, चावी द्या, हा कसला धंदा? त्यावरून आपलं बोलणं बंद झालं होतं आणि मधल्या मधे दुकानातला गणपत निरोप्या झाला होता. आता भांडण मिटलं म्हणायचं. रेडिओही नाहीत, तबकड्याही नाहीत.

आइंडहोव्हनचा फिलिप्सचा कारखाना १९४० च्या मे महिन्यात जर्मनांच्या घशात गेला, ते तुझ्यासमोरच. विलायतेतले कारखाने लष्कराच्या कामाला जुंपलेले. भिस्त अमेरिकेवर होती, तर त्यांनीही २२ एप्रिलपासून घरगुती सेट बांधणं बंद केलं. म्हणजे कपाटात आहेत ते व्हॉल्व्ह शेवटचेच समज. सिंगापूर पडलं तेव्हा निम्मी चाळ कोकणात पळाली. जाताना लोकांनी सेट माझ्या गळ्यात मारले, मिळेल त्या किमतीला. बॉम्ब काही पडला नाही, मंडळी परतली, आणि आता तोच सेट त्याच भावात परत मागतात! वर ऐकवतात, "आमचाच तर आहे." खालच्या मजल्यावरच्या काकांना मी दिला. काकूंच्या हातच्या लोणच्याला जागलो.

फेब्रुवारीत सुभाषबाबूंचा आवाज आला त्या रात्री मागच्या खोलीत कोण कोण बसलं होतं, ती नावं बापू तोंडी सांगेल. दार लावलेलं, आवाज अगदी बारीक. खरखरीतून दोन शब्द यायचे, की लाट गेलीच. गणपत काटा केसाएवढा सरकवत होता आणि आम्ही श्वास धरून त्याच्या बोटांकडे पाहत होतो. तो गणपतही आता चालला. लष्करात सिग्नलला माणसं हवीत आणि पगार आपल्या दुप्पट. त्याला कुठल्या तोंडाने थांबवू?

तबकड्यांचं म्हणशील तर रंगून गेल्यापासून कलकत्त्याकडच्या पार्सलाचा भरवसा राहिला नाही. रेल्वेच्या वाघिणी सगळ्या पलटणीला. डमडमच्या तबकड्यांच्या कारखान्यातून माल निघाला म्हणतात, इथे पोचतो तो यादीच्या चौथाईने. अमेरिकेत तर सरकारने एप्रिलातच हुकूम सोडला की तबकड्या ज्या लाखेच्या करतात ती लाख गेल्या वर्षीच्या तीस टक्केच वापरा. तिथे जुनी फुटकी तबकडी आणून दिली तरच नवी मिळते म्हणे. लाख कुठली? आपल्या छोटा नागपूरची. आणि आपण इथे रिकाम्या फळ्या पुसतोय.

दीनानाथ मंगेशकर गेले तेव्हा तुला तार करणार होतो. तार घेऊन शिपाई दारात आला की वहिनी आधी रडायला लागतात, म्हणून राहिलं. एक्केचाळीस हे काय वय झालं रे? दुकान उघडायच्या आधी पायरीवर माणसं उभी. यातल्या निम्म्यांनी त्यांच्या बळवंत नाटक मंडळीचं तिकीट कधी काढलं नसेल, पण त्या दिवशी प्रत्येकाला तबकडी हवी. होत्या तेवढ्या दुपारच्या आत संपल्या. उरली ती आपली ऐकवण्याची, तुझ्या चहाचा डाग पडलेल्या पाकिटातली. एक पोरगा हातातली अंगठी काढायला लागला, तरी दिली नाही. संध्याकाळी फळ्या लावल्यावर उजेडात धरून पाहिली. मधल्या रेघा झिजून राखाडी पडल्यात, आणि तान वर झेपावते नेमकी तिथेच घरघरते. मी पक्का बालगंधर्ववाला, तू मला नाटकाच्या पिटातून उठवून बाहेर काढायला निघाला होतास. पण त्या दिवशी तुझ्या बुवांसाठी दोन्ही बाजूंना कोरी सुई लावली.

आणि उंटाला नेमक्या त्याच सुया हव्यात. दोनशेची डबी आता कोणी सबंध मागत नाही, मी कागदाच्या पुडीत दहा-दहा देतो. लोक वापरलेली सुई सहाणेवर घासून पुन्हा लावतात आणि मग तबकडी खरवडली म्हणून माझ्याशी भांडतात. ठाकुरद्वारचे पेन्शनर नाना दर शनिवारी पुडी नेतात. घरात तो चावीचा फोनो आणि ते, तिसरं कोणी नाही. उंटाने माल उचलला की हीच पुडी त्यांना दसपट भावाने घ्यावी लागेल, किंवा फोनोवर फडकं टाकावं लागेल. हिचं म्हणणं, नाना आपलं भाडं भरणार आहेत का? बरोबर आहे तिचं. मालक भाड्यासाठी रोज जिन्यात उभा असतो. सुया आज ना उद्या संपणारच, मग वर्षभराचं भाडं सुटत असेल तर का नको, असं दिवसा वाटतं. रात्री वाटतं, उंटाच्या गोदामात आपली डबी पडण्यापेक्षा दुकानाला कुलूप बरं. व्हॉल्व्ह मात्र मी देणार नाही, हे ठरलं. दुरुस्तीवर दुकान रेटायचं तर तेवढेच हातात आहेत.

तुझ्या शाळेच्या ग्रँटचं काय झालं? बारशाचं बोलावणं आलं होतं, रजा कोण देणार? मुलगी तुझ्यासारखी नाकेली नसली म्हणजे मिळवली. तुझ्या सेटची कोरडी बॅटरी साऱ्या मुंबईत नाही, मागू नकोस. वहिनींना नमस्कार.

बापू गुरुवारी परत निघेल, उंट शुक्रवारी येणार. "तुला योग्य वाटेल ते कर" असं लिहून पाठवलंस तर याद राख. हो किंवा नाही, एक शब्द.

तुझा,
विनू

ता. क. तुझी छत्री बापूकडे देतोय. दांडा आधीपासूनच मोडका होता.